आंजणारीच्या चढावरचा ठोका

ता. १२ नोव्हेंबर १९३१, गुरुवार

आणि वर मलाच म्हणतो, वयनी, तुम्ही शब्द फिरवता! कोण फिरवतं? दिवाळीला मुंबईहून आला तेव्हा ओटीवर पाय ठेवता ठेवता माझा दीर आप्पा म्हणाला होता, "मोटार चालतेय तोवर चालवा." सावित्री तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आज म्हणतो, मी तसं म्हटलंच नाही, "चालण्यासारखी असेल तर" असं म्हटलं. सावित्रीला विचारलं तर ती खाली बघते. नवऱ्यासमोर बायको काय बोलणार. ठीक आहे. आजपासून कोण कधी काय बोललं ते तारीख घालून लिहिते. तिसरी शिकलेय, तेवढं पुरे. मोटारीच्या खेपांच्या वहीत मागची पानं कोरी आहेत.

मोटार ह्यांनी आणि आप्पानं मिळून घेतली. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. आप्पा मुंबईला गोदीत. परवाना त्याच्या नावावर, कारण बाईच्या नावावर परवाना कशाला! पण मोटार कोणी चालती ठेवली? रत्नागिरी ते लांजा, पावसाळा सोडून रोज एक खेप, ती मी ठेवली. गाडीतळावर उतारूंना हाक मारते ती मी. आता आप्पा म्हणतो इंजिन गेलं, लांज्याचा शेट घेतोय तर देऊन टाकू, तुम्ही मुंबईला चला, खोलीवर चार माणसांचं जेवण करा, दोन वेळचं मी घालीन. घालीन म्हणे! मी काय गोठ्यातली म्हैस आहे?

ठोका पडतो हे मात्र खरं. दसऱ्याला मोटार बाहेर काढली तेव्हापासून. सपाटीला काही नाही. पालीच्या पुढं आंजणारीचा चढ लागला की आत तांब्यात चिंचोके घालून हलवल्यासारखा आवाज. चढ संपला की बंद. परवा एक वकील म्हणाले, "बाई, तुमची मोटार दात खाते."

काशीरामला विचारावं तर तो धड उत्तर देत नाही. आमचा ड्रायव्हर. लांज्याच्या पलीकडच्या गावचा मराठा, बसऱ्याच्या लढाईत लॉरी चालवून आलेला, ह्यांच्या वेळेपासून आमच्याकडं. ह्या हंगामात त्याला भलताच माज आलाय. तीन हाका मारल्या तर एकीला ओ देतो. बोलतो ते शेताच्या दुसऱ्या टोकाला उभा असल्यासारखा ओरडून. आणि मी बोलत असले की सारखा तोंडाकडं बघतो, ते मला आवडत नाही. श्रावणात ह्याला हिवताप आला तेव्हा मोटारीच्या खोपीत पडलेला, मीच पेज दिली, मीच पोस्टातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या आणून पाजल्या. ताप गेला, तरी अजून रोज सकाळी एक पुडी देते. समोर उभी राहून पाजते, नाहीतर फेकील. म्हणतो, "ह्यानं कानात भुंगे फिरतात, वयनी." फिरणारच. औषध आहे, खीर नाही.

ता. १४, शनिवार

पेट्रोलात घासलेट मिसळलंय असं मला कालपासून वाटत होतं. आज पेट्रोलच्या डबेवाल्याच्या दुकानात जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं. तो म्हणाला, "बाई, नाकानं बघा." नाकानं काय बघायचं, मी त्याच्याच खतावणीतला एक कोरा कागद फाडून घेतला आणि त्यावर थेंब टाकला. घासलेट असलं तर तेलकट डाग राहतो. दोघंही कागदाकडं बघत बसलो. कागद सुकला, डाग नाही. शेजारच्या डब्यातला टाकला, तो पण सुकला.

चूक माझी. पण तोंडानं म्हटलं नाही. दोन डबे जास्त घेतले.

ता. १५, रविवार

आप्पानं दादू मिस्त्रीला आणलं. खोपीपुढं इंजिन चालू केलं. मिस्त्रीनं काठीचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. इंजिन आपलं शांत चाललेलं. डोळे उघडून म्हणाला, "बेरिंग गेलं."

मी म्हटलं, "इथं वाजतंय कुठं?"

"वाजेल."

"वाजेल तेव्हा ये मग. नाहीतर उद्या बस मोटारीत, आंजणारीला ऐक."

"मला येवढा वेळ नाय, बाई."

"वेळ नाय आणि बेरिंग गेलं ते कळलं! सैल झालेलं चाक सपाटीला पण खडखडतं. ह्याचं बेरिंग काय चढ बघून सैल होतं?"

मिस्त्री आप्पाकडं बघून हसला. आप्पा म्हणाला, "वयनी, बायकांनी चुलीतलं बघावं." मी म्हटलं, "चुलीतलं बघितलं म्हणून तर तू येवढा झालास." तो सोळा वर्षांचा होता मी ह्या घरात आले तेव्हा. त्याच्या डब्याची भाकरी मी थापलेली आहे.

मिस्त्री लांज्याच्या शेटच्या दोन मोटारी दुरुस्त करतो असं सावित्री मागाहून म्हणाली. असेल. तो गावातल्या सगळ्यांच्याच करतो.

काशीराम ह्या सगळ्यात खांबासारखा उभा. आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत होता. एक शब्द बोलला असता तर माझी बाजू भक्कम झाली असती. बोलला नाही. रागानं मी त्याला दुपारचा चहा दिला नाही.

ता. १७, मंगळवार

आज खेप बंद ठेवली. काशीराम म्हणाला आत काजळी धरली असेल, ती तापून लाल होते आणि ठोका देते, ह्यांच्या वेळी एकदा तसं झालेलं. इंजिनाचं डोकं काढलं. आत बोटाच्या नखाएवढी काजळी, कढईच्या बुडासारखी. लोखंडानं खरवडली तर ओरखडे पडतात, म्हणून मी फणसाच्या लाकडाची एक पट्टी तासून घेतली आणि बसले. दट्टे वरखाली होतात ती इंजिनाची चार भांडी, काशीराम दोन, मी दोन. पलीकडची चिमा कुंपणावरून म्हणाली, "काय गो हौसा, मोटारीची पण भांडी घासतंस?" मी म्हटलं, "ये, राख घेऊन ये." गेली.

खरवडून झाल्यावर मी त्याला मोटार चालू करायचं पुढचं हँडल सावकाश फिरवायला सांगितलं. चार दट्टे, दोन वर येतात तेव्हा दोन खाली जातात. तीन वर्षं मोटारीचा धंदा चालवते पण आतून कधी बघितली नव्हती. काशीराम बोट दाखवून सांगत होता, दट्ट्या वर टोकाला पोचला की ठिणगी पडायची, भडका व्हायचा आणि दट्ट्या खाली रेटला जायचा. ठिणगी कधी पाडायची ते स्टेरिंगखालच्या डाव्या दांडीवर. दांडी खाली घेतली की ठिणगी लवकर, वर सारली की उशिरा. सपाटीला मोटार पळते तेव्हा लवकर लागते. चढाला इंजिन दमतं, सावकाश फिरतं, तेव्हा उशिरा. दांडीला दाते आहेत, एकेक दाता सरकवायचा.

"आणि चढाला पण लवकर पडली तर?" मी विचारलं. तो इंजिनाचं डोकं पुसत होता. परत विचारलं. मग त्याच्या दंडाला हात लावून विचारलं, तेव्हा म्हणाला, "तर वर येणाऱ्याच्या टाळक्यात बसते, वयनी."

ता. १८, बुधवार

ठोका आहे. कमी आहे, पण आहे. आप्पाला कोणीतरी सांगितलंच. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "काजळी खरवडून बेरिंग नीट होत नाय." मी त्याला आमटी वाढली नाही. सावित्रीनं वाढली.

ता. १९, गुरुवार

सकाळी मी आणि सावित्री वायनीत भात कांडत होतो. दोघींची दोन मुसळं, वायन, म्हणजे जमिनीतलं दगडी उखळ, एकच. तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली, माझं वर की तिचं खाली. पंधरा वर्षं आम्ही असं कांडतो, डोळे मिटून कांडू. पण आज ती ठिकाणावर नव्हती. रात्री आप्पा तिला म्हणाला होता, वयनी नाय आली तर तू चल मुंबईला, इथलं बंद करून. तिला मुंबई नको, तिची आई इथं आजारी. ते बोलता बोलता तिचं मुसळ लवकर आलं. माझं वर येतंय तोच तिचं खाली. ठक! हात मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिणला. मी म्हटलं, "अगो, जीव घेतंस काय!" ती रडायला लागली.

 मी माझ्या मनगटाकडं बघत बसले. मुसळं दोन्ही चांगली, वायन चांगली, भात चांगलं. फक्त एकीचा मार वेळेच्या आधी. मग आवाज करतं कोण? मुसळ करतं, पण मुसळाचा काय दोष?

मोटारीचं काही बिघडलेलं नसेल तर?

उद्या मी पुढच्या जागेवर बसणार आहे. दांडी कुठं असते ते बघायचंय.

ता. २०, शुक्रवार

आज सगळं क्रमानं लिहिते.

पुढच्या जागेवर ड्रायव्हरशेजारी बसले तेव्हा गाडीतळावर दोघातिघांनी माना वळवल्या. वळवू देत. पालीपर्यंत दांडी मध्यावर. आंजणारीचा चढ लागला आणि काशीरामनं दांडी एक दाता खाली घेतली. चढाला खाली! मग जरा थांबून आणिक एक. मग आणिक एक, थेट शेवटापर्यंत. आत चिंचोके उडायला लागले. मी म्हटलं, "काशीराम, दांडी वर कर." त्याचे डोळे रस्त्यावर. "काशीराम! दांडी!" मागचे उतारू बघायला लागले. मी ओरडले, "अरे बहिऱ्या, दांडी वर!" तो आपला पुढं बघतोय, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग मीच हात घातला आणि दांडी वर सारली. चार दाते. ठोका बंद. तोंडावर हात ठेवल्यासारखा बंद. इंजिन घुमायला लागलं आणि मोटार चढायला लागली.

वर पोचल्यावर त्यानं मोटार उभी केली. उतारूंना वाटलं इंजिनात पाणी घालायचंय, ते उतरून झाडाखाली गेले. तो माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "दांडी कशाला हलवलीत, वयनी?"

"ठोका पडत होता म्हणून."

"आत्ता? आत्ता पडत होता?"

त्याचा चेहरा बघितला आणि कळलं. महिनाभर ज्याला मी माज समजत होते तो माज नव्हता. मी सावकाश, ओठ हलवून विचारलं, "तुला ऐकू येत नाय?"

तो स्टेरिंगवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "श्रावणापासनं नाय. मोठे आवाज येतात, बारीक नाय येत. दांडी मी कानानं लावायचो, वयनी. खाली घेत जायची, आत टिक झाली की एक दाता वर. आता टिक येतच नाय. मी वाट बघतो, येत नाय, म्हणून आणिक खाली घेतो."

"मग सांगितलं का नाहीस मेल्या?"

"बहिऱ्याला मोटार कोण देतो? लायसन काढून घेतील. पोरी दोन हायत लग्नाच्या. त्यांची आई पण नाय."

येवढा राग आला की वाटलं ह्याला इथंच उतरवून चालत जायला लावावं. येवढे दिवस ह्यानं मला, आप्पाला, मिस्त्रीला खोटं बेरिंग शोधायला लावलं. पण मग रविवारी न दिलेला चहा आठवला. मी म्हटलं, "पाणी घाल. चल." 

ता. २१, शनिवार

रात्रभर हेच डोक्यात. बेरिंग ठीक आहे हे आप्पाला सांगायचं तर ठोका कशानं होत होता ते सांगावं लागणार. ते सांगितलं की काशीराम गेला. न सांगितलं की मोटार गेली.

आणि एक गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगणार नाही म्हणून इथं लिहिते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हातात मी रोज आठ माणसं देते. मागून भोंगा वाजला, वळणावर कोणी ओरडलं, तर? बाळंतीण असते, म्हातारी माणसं असतात. हे बरोबर आहे असं मला वाटत नाही. पण त्याचे डोळे घारीचे आहेत आणि तीन वर्षांत त्यानं कोणाचं कोंबडं मारलं नाही. कान नसतील तर कान मी देते. माझे दोन्ही चांगले आहेत, सावित्रीच्या खोलीतलं पुटपुटणं पण ऐकतात.

ठरवलं. मी रोज पुढं बसणार. चढाची दांडी माझ्याकडं. मागून भोंगा आला तर त्याच्या दंडावर एक चापट, समोरच्या वळणावर आवाज आला तर दोन. त्याला खोपीत शिकवलं. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील, वयनी?" मी म्हटलं, "तुला ऐकू येणार नाय, मग तुला काय?" हसला. श्रावणानंतर पहिल्यांदा दात दिसले.

ग्रामदेव भैरीला नारळ बोलले, ह्याचे कान उघडू देत म्हणून.

ता. २४, मंगळवार

आप्पाच्या कानावर गेलं. ओटीवर येऊन उभा राहिला.

"वयनी, तुम्ही ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसता?"

"मध्ये पेट्रोलचा डबा आहे."

"थट्टा नको. लांज्यात लोक हसतात. घराचं नाव आहे."

"मोटारीच्या पाटीवर पण तेच नाव आहे. ती चालते तोवर नाव आहे."

"कशाला बसता पुढं? कारण सांगा."

कारण सांगता आलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी उत्तर न देता आत गेले. त्याला वाटलं मी हरले.

काल हातखंब्याच्या वळणावर मागून एक मोटार जोरात भोंगा देत आली. एक चापट मारली, काशीरामनं बाजू दिली. नसते मी तर? हे मनातून जात नाही.

पोस्टात कोयनेल संपलं. गेल्या शनिवारपासून ह्याला पुडी नाही. पोस्टमन म्हणतो आठवडा लागेल. मला धास्ती की ह्याला परत ताप भरेल.

ता. २८, शनिवार

आज आप्पाला आणि दादू मिस्त्रीला घेऊन आंजणारी केली. मीच बोलावलं. म्हटलं, "चढावर एकदा जरी ठोका वाजला तर मी मुंबईला येऊन भांडी घाशीन. चला." आप्पा म्हणाला, तुम्ही पुढं बसलात तर मी चढणार नाही. मी म्हटलं, "मग चालत या, आम्ही लांज्यात वाट बघतो." चढला.

मिस्त्री मागच्या फळीला कान लावून बसलेला. चढ लागला. काशीरामचे दोन्ही हात स्टेरिंगवर, माझा उजवा हात दांडीवर. एक दाता वर. कान देऊन ऐकलं. अजून एक. पहिल्या वळणाला बारीकशी टिक आली, मला एकटीलाच कळली असेल, लगेच तिसरा दाता वर. मग काही नाही. नुसतं घुमणं. झाडं मागं जात होती. माझ्या पाठीवर घामाची धार, थंडी असून.

वर पोचल्यावर मिस्त्री म्हणाला, "आज नाय वाजला. उद्या वाजेल."

मी म्हटलं, "तुझं उद्या फार झालं रे. बेरिंग गेलेलं आज परत आलं काय, पाहुण्यासारखं?"

"पण दांडीला तुमचा हात कशाला, बाई? ड्रायव्हरला हात नायत?"

"माझी मोटार आहे, माझा हात आहे."

काशीराम खाली उतरून इंजिनाचं झाकण उघडत होता. त्याला ह्यातलं काही ऐकू आलं नाही, बरं झालं.

आणि आप्पा? मला वाटलं आता तो मान खाली घालील. तो खूश होऊन पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "म्हणजे मोटार ठणठणीत! मग शेटला मोडीच्या भावात कशाला द्यायची? चांगला भाव सांगतो."  मोटार वाईट म्हणून विकायची होती. आता चांगली म्हणून विकायची. मी सिद्ध केलं ते त्याच्याच उपयोगी पडलं.

 परत येताना पण मी दांडी सोडली नाही.

ता. १ डिसेंबर, मंगळवार

आज खेपेहून आल्यावर मोटारीचं हँडल काढून घरात आणलं. हँडल नसलं की मोटार म्हणजे नुसती खोली. तसलं दुसरं कोल्हापुराहून यायला आठ दिवस जातात. दुपारी शेटचा माणूस मोटार बघायला आला. आप्पानं सगळी खोप शोधली, मग घर शोधलं. सावित्री माजघरात तांदळाच्या पेटीवर बसून केस विंचरत होती. आप्पा म्हणाला, "ऊठ." ती म्हणाली, "केसात गुंता आहे." तासभर तिचा गुंता सुटेना. शेवटी माणूस चहा पिऊन गेला. मी सावित्रीला आजवर भित्री म्हणत आले.

दुसरी गोष्ट. आज लांज्याहून परत येताना पालीच्या देवळात कोणी घंटा वाजवली आणि काशीरामनं मान वळवली. मी चापट मारलेली नव्हती. "ऐकू आली?" म्हटलं. म्हणाला, "लांबून आल्यासारखी आली, वयनी. भुंगे पण कमी झालेत दोन दिवस." भैरीनं ऐकलं! उद्याच नारळ देते. पोस्टात पुड्या पण आल्यात म्हणे, त्या आणून पुन्हा सुरू करते. देव देतो ते टिकवायला अंगात बळ लागतं.

सगळे कान परत आले तर मला पुढं बसायला कारण उरणार नाही. तरी बसणार आहे. चढाची दांडी आता माझ्या हाताला बसलीय.

ता. ३, गुरुवार

आप्पा सोमवारच्या आगबोटीनं मुंबईला चाललाय. मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही, सावित्रीकडून निरोप पाठवतो. "वयनींना सांग, हँडल द्या." मी एका भिंतीपलीकडं बसलेली असते! म्हणून चिठ्ठी लिहिली, उद्या त्याच्या ताटाखाली ठेवीन. इथं उतरून घेते.

"आप्पा,

तू लहान दीर म्हणून मी तुला आजवर अरेतुरे केलं, चिठ्ठीत पण तेच करते. मोटारीचं बेरिंग गेलं नाही हे तू स्वतः मागं बसून ऐकलंस. ठोका का पडत होता ते मला माहीत आहे, आणि तो मी बंद केला. कशानं ते तुला सांगणार नाही. मिस्त्रीला विचार, त्याला सांगता येतं का बघ.

मोटार अर्धी तुझी आहे हे मी नाकारत नाही. पण ती तीन वर्षं ज्या रस्त्यावर चालली त्यातला एक मैल तरी तू चालवलीस का? पावसाळ्यात तिच्यावर गोणपाट कोणी घातलं, तिची काजळी कोणी खरवडली? काशीराम शेटकडं जाणार नाही, त्याला मी विचारलंय. चार वेळा विचारलं, चार वेळा नाही म्हणाला. बिनड्रायव्हरची, बिनहँडलची मोटार शेटला हवी असेल तर त्याला बैल जोडायला सांग.

मी मुंबईला येणार नाही. सावित्री पण येणार नाही, तिची आई बरी होईस्तोवर. हे ती तुला बोलणार नाही, मी बोलते. पुढं बसते म्हणून तुझं नाव जात असेल तर पाटीवर माझं घाल, म्हणजे जाईल ते माझं जाईल.

परवाना माझ्या नावावर करून द्यायचा. त्यासाठी कचेरीत तुझी सही लागते, दुसरं काही लागत नाही. तुझा वाटा ठरेल तसा मी देईन, त्याबद्दल मी घासाघीस करणार नाही. सही केलीस तर खेपेहून आल्यावर आगबोटीपर्यंत तुला मोटारीनं पोचवीन, मी पुढं, तू मागं. नाही केलीस तर हँडल मी खाडीत टाकीन, दुसरं यायच्या आत तुझी आगबोट सुटेल, तोवर मोटार कोणाचीच नाही, ना तुझी ना माझी. मी टाकीन हे तुला माहीत आहे.

मला निरोप नको, सावित्रीला मध्ये घालू नको. सोमवार ता. ७, सकाळी सातला मोटार गाडीतळावरून लांज्याला सुटते. त्याच्या आत माझ्यासमोर येऊन उभा राहा आणि सांग. सही करतोस की नाही?"